जुन्या मॅसी ३५ आणि १०३५ ट्रॅक्टरच्या मागील ॲक्सलचे ऑइल सील कसे बदलावे

मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा काळपट ओघळ दिसू लागला, की बहुतेक शेतकरी तो पुसतात, तेलाची पातळी पाहून लिटरभर तेल वर टाकतात आणि हंगाम पुढे रेटतात. ऐन कामाच्या दिवसांत ट्रॅक्टर उभा करणे कोणालाच परवडत नाही, हे खरे आहे. परंतु हे तेल जमिनीवर पडण्याआधी ब्रेकच्या ड्रममधून येते, आणि त्यामुळे ही गळती तेलाच्या खर्चापेक्षा ब्रेकच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. या ट्रॅक्टरांना डाव्या व उजव्या चाकासाठी स्वतंत्र ब्रेक असतात. एका बाजूचे लायनर तेलाने भिजले, की दोन्ही पेडल जोडून ब्रेक दाबला तरी फक्त कोरडी बाजू पकडते आणि ट्रॅक्टर त्या बाजूला वळतो. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या असताना आणि उतारावर असताना असे झाले, तर चालकाच्या हातात फारसे काही उरत नाही. म्हणून ऑइल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी कडी, बदलण्याच्या या कामाकडे ब्रेकचे काम म्हणूनच पाहावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

हा लेख मॅसी फर्ग्युसन ३५ च्या घराण्यातील ट्रॅक्टरांविषयी आहे. मॅसी-हॅरिस-फर्ग्युसन कंपनीने हे मॉडेल १९५० च्या दशकात आणले. आपल्याकडे १९६० साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या टॅफे कंपनीने याच घराण्यातील १०३५ हे मॉडेल सिम्प्सनच्या तीन सिलिंडर इंजिनासह शेतकऱ्यांच्या दारात पोहोचवले. ज्यांच्या मागील चाकांत ड्रम ब्रेक आहेत, असे जुने ट्रॅक्टर येथे गृहीत धरले आहेत. इतर कंपन्यांच्या ट्रॅक्टरांत मागच्या ॲक्सलची मांडणी वेगळी असते आणि त्यांना येथील क्रम जसाच्या तसा लागू पडत नाही. याच घराण्यातही सालाप्रमाणे लहानसहान फरक झालेले आहेत, त्यामुळे आपल्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल किंवा निदान सुट्या भागांचे चित्र असलेले पुस्तक जवळ ठेवावे.

आत काय आहे

काम सुरू करण्यापूर्वी आतील रचना डोळ्यांसमोर असणे आवश्यक आहे, कारण नवख्या माणसाची अडचण बहुधा येथेच होते. या ट्रॅक्टरमध्ये डिफरन्शियलपासून (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या मधल्या गिअरसंचापासून) चाकापर्यंत एकच सरळ ॲक्सल शाफ्ट जातो. शाफ्टच्या आतल्या टोकाला स्प्लाइन, म्हणजे लांबीच्या दिशेने कोरलेले दाते असतात, तर बाहेरच्या टोकाला चाक बसवण्याची फ्लँज, म्हणजे रुंद चकती असते. ही फ्लँज शाफ्टचाच भाग असते, ती वेगळी निघत नाही. शाफ्ट ज्या निमुळत्या बिडाच्या नळीतून जातो तिला मेकॅनिक ट्रम्पेट म्हणतात. ट्रम्पेटच्या बाहेरच्या तोंडाशी बेअरिंगचे हाउसिंग आणि ब्रेकची प्लेट एकत्र बोल्टने आवळलेली असतात. शाफ्टवर फ्लँजच्या बाजूने आत येत गेले, तर प्रथम बाहेरचे सील व ते धरून ठेवणारे हाउसिंग, मग टेपर रोलर बेअरिंग आणि त्यानंतर एक जाड पोलादी कॉलर अशी रांग लागते. ही कॉलर गरम करून शाफ्टवर चढवलेली असते आणि थंड झाल्यावर ती घट्ट आवळून बसते.

या कॉलरचे महत्त्व नीट समजून घ्यावे. वळणावर चाक बाहेरच्या दिशेने ओढले जाते तेव्हा शाफ्टला बाहेर येऊ न देण्याचे काम हीच कॉलर करते. कॉलर बेअरिंगला अडते, बेअरिंग हाउसिंगला अडते आणि हाउसिंग ट्रम्पेटला बोल्टने बांधलेले असते. कॉलर सरकली तर चाक शाफ्टसकट बाहेर येऊ शकते. त्यामुळे जुनी कॉलर पुन्हा वापरणे, ती सैल वाटते म्हणून वेल्डिंगचे दोन टाके मारणे किंवा शाफ्टवर पंचाचे ठोके मारून ती घट्ट करणे, हे प्रकार कोणत्याही परिस्थितीत करू नयेत. वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्टचे पोलाद त्या जागी ठिसूळ होते आणि पुढे तो तिथेच तडकण्याची शक्यता राहते.

सील सहसा दोन असतात. आतले सील ट्रम्पेटच्या तोंडाशी आत बसवलेले असते आणि डिफरन्शियलकडचे तेल अडवण्याचे मुख्य काम ते करते. बाहेरचे सील हाउसिंगमध्ये असते. ते बेअरिंगमधले ग्रीस ब्रेककडे जाऊ देत नाही आणि बाहेरचा चिखल व धूळ आत येऊ देत नाही. आतले सील गेले, की पातळ तेल बेअरिंगमध्ये शिरते, तेथील ग्रीस धुऊन काढते आणि मग बाहेरच्या सीलवाटे ड्रममध्ये उतरते. म्हणून नुसते बाहेरचे सील बदलून भागत नाही. उलट बाजूने सांगायचे, तर आतले सील शाफ्ट बाहेर काढताच हाताशी येते, पण बाहेरच्या सीलपर्यंत पोहोचायचे तर कॉलर कापून बेअरिंग उतरवावे लागते. एवढे उघडल्यावर दोन्ही सील बदलावेत, आणि शक्यतो दोन्ही चाकांचे बदलावेत.

गळती का झाली, हे आधी शोधावे

सील हे झिजणारेच रबर आहे. जुन्या ट्रॅक्टरमध्ये कधीकाळी चामड्याच्या ओठाचे (शाफ्टला घासणाऱ्या आतल्या कडेचे) सीलही असत. परंतु वर्षानुवर्षे टिकणारे सील एखाद्या हंगामातच गळू लागले असेल, तर बहुधा दोष सीलचा नसतो आणि कारण तसेच ठेवून टाकलेले नवे सीलही तेवढ्याच दिवसांत जाते.

सर्वांत सोपे कारण म्हणजे तेल जास्त भरणे. या ट्रॅक्टरमध्ये गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक लिफ्ट यांचे तेल एकाच टाकीत असते आणि ते सुमारे ३० लिटर भरते. लिफ्ट उचलत नाही म्हणून वरून आणखी तेल ओतण्याची सवय अनेकांना असते. पातळी वाढली, की तेल ट्रम्पेटमध्ये शिरून सीलपर्यंत सतत पोहोचत राहते. ट्रॅक्टर नेहमी एका अंगाला कललेल्या जागी उभा राहत असेल, तर खालच्या बाजूचे सील कायम तेलात बुडालेले राहते आणि तीच बाजू आधी गळते. दुसरे कारण म्हणजे ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारा झडपवजा भाग, चिखलाने किंवा रंगाने बुजलेला असणे. काम करताना तेल तापते, आतली हवा फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती सीलच्या ओठातून तेल ढकलते. चिखलणीचे काम करणाऱ्या ट्रॅक्टरांत ब्रीदर हमखास तपासावा. त्याच वेळी तेलही पाहावे. ते दुधी दिसत असेल तर पाणी शिरलेले आहे, असे समजावे आणि सर्व तेल बदलावे.

तिसरे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे बेअरिंगचा खेळ, म्हणजे त्यातला सैलपणा. मागचे चाक जमिनीपासून थोडेसे उचलून, पक्क्या स्टँडवर आधार देऊन, चाक वरून व खालून धरून हलवून पाहावे. आत-बाहेर अगदी किंचित हालचाल जाणवली तर ती नैसर्गिक असू शकते, पण चाक डोलत असेल आणि आतून ठक असा आवाज येत असेल तर बेअरिंग झिजलेले आहे. शाफ्टच मध्यावर राहत नसेल, तर सीलचा ओठ एका बाजूला दबतो, दुसऱ्या बाजूला उघडा पडतो आणि कितीही चांगले सील बसवले तरी तेल येतच राहते.

गळती नक्की कुठून आहे, याचीही खात्री करावी. ट्रम्पेट आणि मधल्या हाउसिंगच्या (डिफरन्शियलच्या पेटीच्या) सांध्यातून येणारे तेलही वाऱ्याने व चिखलाने पसरून चाकापर्यंत जाते. सगळा भाग डिझेलने धुऊन, पुसून कोरडा करावा आणि ट्रॅक्टर एक दिवस चालवून पुन्हा पाहावे. ब्रेक प्लेटच्या खालच्या कडेला ओल असेल आणि त्या बाजूचा ब्रेक कमी लागत असेल, तर सील गेले आहे, यात शंका राहत नाही.

तयारी

हे काम उसाचा हंगाम संपल्यावर आणि खरिपाची मशागत सुरू होण्याआधीच्या सवडीत घ्यावे. मे महिन्यात जागा कोरडी मिळते आणि बेअरिंग दाबून उतरवणाऱ्या प्रेसवाल्याकडेही तुलनेने सवड असते. जमीन सपाट व कडक हवी, शक्यतो काँक्रीटची. मातीवर काम करणे अटळ असेल तर जॅक आणि स्टँडखाली जाड लाकडी फळ्या टाकाव्यात. विटा, दगड किंवा पोकळ सिमेंटचे ब्लॉक आधारासाठी वापरू नयेत, कारण ते भाराखाली कोणतीही सूचना न देता फुटतात.

अवजारांत मोठा बॉक्स पाना व लांब टॉमी, रिंग पाने, हातोडा, छिन्नी, पाच टनांचा तरी जॅक, दोन मजबूत स्टँड, लाकडी पाचरी, सील काढण्याचा हूक, पॉलिश पेपर, ग्रीस, गॅस्केटचा लेप आणि भरपूर चिंध्या लागतील. या घराण्यातील बरेच बोल्ट इंची मापाचे असतात, त्यामुळे मिमीचा जवळपास बसणारा पाना लावून त्यांची तोंडे गोल करू नयेत. सामानात दोन्ही बाजूंचे आतले व बाहेरचे सील, दोन नव्या कॉलर, हाउसिंगचे गॅस्केट किंवा ओ-रिंग असेल तर ती, आणि बेअरिंगच्या तपासणीत गरज वाटल्यास नवी बेअरिंग असावीत. सील घेताना दुकानदाराला केवळ ट्रॅक्टरचे नाव न सांगता जुन्या सीलवर कोरलेला क्रमांक वा मापे दाखवावीत. ते पुसले गेले असतील तर शाफ्टचा व्यास, हाउसिंगच्या भोकाचा व्यास आणि सीलची जाडी व्हर्निअरने मोजून घ्यावी. कमी प्रतीचे सील थोडे स्वस्त मिळते, परंतु या कामात सीलची किंमत मजुरीच्या आणि ट्रॅक्टर उभा राहण्याच्या मानाने नगण्य असते, म्हणून येथे काटकसर करू नये.

ट्रॅक्टर उचलणे आणि चाक काढणे

ट्रॅक्टरला जोडलेले अवजार काढून ठेवावे. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचरी लावाव्यात. केवळ गिअरमध्ये ठेवून किंवा हँडब्रेक लावून ट्रॅक्टर थांबेल, असे मानू नये. एक मागचे चाक हवेत गेले, की डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते, जमिनीवरच्या चाकाला गिअर धरून ठेवत नाही आणि ट्रॅक्टर सरकू शकतो. दुसरी एक काळजी सहसा कोणी सांगत नाही. पुढचा ॲक्सल मध्यावरील पिनवर डोलणारा असतो, त्यामुळे मागची एक बाजू उचलली असता ट्रॅक्टरचे धड कलंडण्याची शक्यता असते. पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही अंगांना, ॲक्सल आणि इंजिनच्या पुढील आधाराच्या मध्ये, लाकडी पाचरी घट्ट ठोकाव्यात म्हणजे हा डोल बंद होतो.

चाक जमिनीवर असतानाच चाकाचे नट थोडे सैल करावेत. मग जॅक ट्रम्पेटखाली, मधल्या हाउसिंगच्या जवळ लावून ट्रॅक्टर उचलावा आणि स्टँड लावून त्यावर भार सोडावा. जॅक तेथेच हलका टेकवून ठेवला तरी चालेल, पण भार स्टँडवरच असला पाहिजे. शक्य असेल तर एका वेळी एकच बाजू उचलावी. तसे केल्याने आतले तेल दुसऱ्या बाजूला वाहून जाते आणि चांगले तेल असेल तर ते सगळे काढण्याची गरज पडत नाही.

टायरमध्ये पाणी भरलेले आहे का, हे आधी पाहावे. १२.४-२८ मापाच्या टायरात पाऊणएक पाणी भरले असेल, तर ते दीडशे लिटरच्या आसपास असते, आणि रिम व बिडाची वजने धरून असे चाक एका माणसाला सावरत नाही. पाणी काढून घ्यावे, किंवा निदान दोन धडधाकट माणसे मदतीला ठेवावीत. टायर जमिनीपासून जेमतेम बोटभर उचललेला असेल तर टॉमीने तो सरकवत बाहेर घेणे सोपे जाते. काढलेले चाक भिंतीला टेकवून न ठेवता आडवे करावे किंवा दोराने बांधावे. लहान मुले आवारात असतील तर हे विसरू नये.

ड्रम, ब्रेक आणि शाफ्ट

ब्रेकचा ॲडजस्टर पूर्ण सैल करावा. ड्रम फ्लँजवर दोन सपाट डोक्यांच्या स्क्रूंनी धरलेला असतो. ते गंजलेले असतील तर त्यांना गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे आणि इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हरने सोडवावे. साध्या स्क्रूड्रायव्हरने जोर केला की खाच फाटते आणि मग ड्रिल करावे लागते. ड्रम निघत नसेल तर त्याच्या कडेवर आळीपाळीने लाकडाच्या ठोकळ्यावरून ठोकावे. बिडाच्या कडेवर थेट हातोडा मारल्यास तुकडा उडतो.

ड्रम निघाल्यावर आतील धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. नाकातोंडावर मास्क बांधून, पाणी शिंपडून, ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी आणि ते फडके फेकून द्यावे. तेलाने भिजलेले लायनर पेट्रोलने धुणे किंवा आगीवर भाजणे ही पद्धत अजूनही सर्रास दिसते. वरून कोरडे दिसले तरी लायनरच्या आत मुरलेले तेल ड्रम तापल्यावर पुन्हा वर येते, त्यामुळे हे लायनर बदलावेतच, आणि दोन्ही चाकांचे एकत्र बदलावेत म्हणजे ब्रेक सारखा लागेल.

ब्रेकचा रॉड सोडवावा आणि ज्या बोल्टांनी हाउसिंग व ब्रेक प्लेट ट्रम्पेटला आवळलेली आहे ते सर्व काढावेत. खाली पसरट भांडे ठेवावे, कारण थोडे तेल येणारच. आता शाफ्ट, बेअरिंग, हाउसिंग आणि ब्रेक प्लेट हा संपूर्ण संच एकत्र बाहेर येतो. तो बराच जड असतो. दोघांनी धरून, शाफ्ट आडवा आणि मध्यावर राखत, तो सरळ बाहेर ओढावा.

याच वेळी हाउसिंग आणि ट्रम्पेट यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या शिम दिसतील. त्या किती आहेत आणि कोणत्या बाजूच्या आहेत, हे लगेच लिहून ठेवावे आणि तारेत ओवून त्यावर डावी किंवा उजवी अशी खूण बांधावी. दोन्ही शाफ्टची आतली टोके डिफरन्शियलच्या मध्यावर एकमेकांच्या समोर येतात आणि एकाचा आतल्या बाजूचा दाब मधल्या ठोकळ्यावरून दुसऱ्याला मिळतो. त्यामुळे दोन्ही शाफ्टचा एकत्रित खेळ या शिमवरून ठरतो. शिम कमी झाल्या तर खेळ कमी होतो आणि बेअरिंगवर ताण येऊन ती तापतात. शिम जास्त झाल्या तर शाफ्ट आत-बाहेर सरकू लागतो आणि सील लवकर जाते. शिम हरवणे किंवा गळती थांबेल या समजुतीने आणखी एक शिम घालणे, यांतून पुढे जे बिघाड निघतात त्यांचे मूळ नंतर शोधणे फार अवघड जाते.

शाफ्टची तपासणी आणि प्रेसचे काम

संच डिझेलने स्वच्छ धुऊन टेबलावर ठेवावा आणि शाफ्टवर आतले सील जेथे घासत होते ती जागा उजेडात पाहावी. तेथे एक चकचकीत पट्टा दिसेल. त्यावरून नखाचे टोक शाफ्टच्या लांबीच्या दिशेने हळूच फिरवावे. नख अडकले नाही तर शाफ्ट चांगला आहे आणि बारीक पॉलिश पेपरने ती जागा गोलाकार दिशेनेच हलकी घासली तरी पुरते. लांबीच्या दिशेने कधीही घासू नये, कारण त्या उभ्या ओरखड्यांतून तेल थेट बाहेर वाट काढते. नख खाचेत अडकत असेल तर मात्र नवे सीलही तेथे टिकणार नाही. अशा वेळी त्या जागेवर पातळ पोलादी दुरुस्ती स्लीव्ह चढवावी, किंवा सील भोकाच्या खोलीत मिलिमीटर दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवून त्याचा ओठ शाफ्टच्या न झिजलेल्या जागी येईल असे पाहावे. हा दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे, पण सील पूर्णपणे भोकात बसलेले असेल आणि मागे कशाला घासणार नसेल तरच तो करावा.

जुने सीलही लगेच फेकू नये. त्याचा ओठ बोटाने दुमडून पाहावा. तो जुन्या चपलेच्या तळव्यासारखा कडक झाला असेल तर वयाने गेला आहे. ओठ अजून मऊ असून एकाच बाजूला झिजला असेल तर शाफ्ट मध्यावर फिरत नव्हता आणि बेअरिंगचा दोष आहे. ओठावर चीर असेल तर ते मागच्या वेळी बसवतानाच फाटले होते, असे समजावे.

बेअरिंग फिरवून पाहावे. रोलरवर काळे डाग, खड्डे किंवा निळसर रंग दिसला, किंवा हाउसिंगमधल्या बाहेरच्या कपावर रोलरच्या अंतराने खुणा उठलेल्या असतील, तर बेअरिंग आणि कप दोन्ही बदलावेत. नवीन रोलर जुन्या कपावर चालवू नयेत.

कॉलर काढणे आणि नवी चढवणे हे काम हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्येच करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कॉलर प्रथम ग्राइंडरने शाफ्टपर्यंत न पोहोचता बरीचशी कापावी आणि उरलेला पातळ भाग छिन्नीने फोडावा. ग्राइंडरची चकती शाफ्टला लागली तर त्या खाचेतून पुढे तडा जाऊ शकतो, त्यामुळे हे काम घाईने करू देऊ नये आणि आपण तेथे उभे राहावे. त्यानंतर बेअरिंग प्रेसने उतरते आणि हाउसिंग मोकळे होते.

बाहेरचे जुने सील काढून त्याची बसण्याची जागा स्वच्छ करावी, खरवड असेल तर घासून काढावी. नवे सील सर्व बाजूंनी सारखे, सपाट लोखंडी चकतीने किंवा सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या पाइपने बसवावे. सीलची स्प्रिंग दिसते ती बाजू नेहमी आतल्या बाजूला, म्हणजे ज्याला अडवायचे त्या ग्रीस वा तेलाकडे असते. आतल्या सीलच्या बाबतीतही हाच नियम आहे. सील उलटे बसवल्यास पहिल्याच दिवशी तेल येते. ओठावर ग्रीस लावूनच शाफ्टवर चढवावे, कारण कोरडा ओठ पहिल्या काही फेऱ्यांतच जळतो.

मग हाउसिंग शाफ्टवर, त्यानंतर बेअरिंग आणि शेवटी कॉलर, असा क्रम ठेवावा. बेअरिंग गरम करून चढवायचे असेल तर १२० अंश सेल्सिअसच्या वर तापवू नये आणि गॅसची ज्योत थेट त्यावर मारू नये. कॉलर सर्व बाजूंनी सारखी तापवून, एका झटक्यात बेअरिंगला टेकेपर्यंत बसवावी आणि ती थंड होईपर्यंत दाबून धरावी. कॉलर व बेअरिंग यांच्यात फट राहिली नसल्याची फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) खात्री करावी. तापलेल्या कॉलरची धग नव्या सीलपर्यंत पोहोचू नये म्हणून प्रेसवाल्याने घाई न करता काम करणे महत्त्वाचे आहे. सगळे पूर्ण गार झाल्यावर बेअरिंगच्या रोलरांमध्ये हाताने दाबून चांगले ग्रीस भरावे.

पुन्हा जोडणी

ट्रम्पेटमधले जुने आतले सील हुकाने ओढून काढावे. त्याची जागा पुसून, नवे सील सरळ बसवावे. एक बाजू आधी आत गेली तर बाहेर काढून पुन्हा सुरुवात करावी, तिरके झालेले सील ठोकून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये.

नवी सील बहुधा याच पुढच्या टप्प्यात फाटतात. शाफ्ट आत घालताना त्याच्या स्प्लाइनची धारदार टोके आतल्या सीलच्या ओठावरून जातात आणि शाफ्टचे वजन थोडेसे खाली गेले तरी ओठ चिरला जातो. म्हणून स्प्लाइनवर पातळ प्लास्टिकचा कागद किंवा चिकटपट्टी गुंडाळून त्यावर भरपूर ग्रीस लावावे, दोघांनी शाफ्ट उचलून अगदी मध्यावर राखत आत सरकवावा आणि स्प्लाइन सीलच्या पलीकडे गेल्यावर, त्या डिफरन्शियलमध्ये शिरण्याआधी, सगळे प्लास्टिक बाहेर ओढून घ्यावे. प्लास्टिक आत राहू देण्याचा धोका वाटत असेल तर केवळ ग्रीसवर भागवावे, पण मग शाफ्टला चेन पुलीचा आधार घेणे चांगले. स्प्लाइन डिफरन्शियलमध्ये बसेपर्यंत शाफ्ट हलकेच फिरवत राहावे. तो ठोकून आत घालू नये.

शिम मूळ संख्येने परत लावाव्यात आणि सांध्यावर गॅस्केटचा पातळ लेप द्यावा. लेप जाड झाला तर तोही शिमसारखे काम करतो आणि खेळ बदलतो. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. बेअरिंग किंवा हाउसिंग बदलले असेल तर जुन्या शिम बरोबर असतीलच असे नाही. अशा वेळी दुसऱ्या बाजूचे कामही पूर्ण करून, शाफ्टच्या टोकाशी डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे काट्याचे मापक) लावून, शाफ्ट आत-बाहेर ढकलून खेळ मोजावा आणि तो मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत येईपर्यंत शिम कमी-जास्त कराव्यात. ही मर्यादा काही हजारांश इंचांची असते, हाताच्या अंदाजाने ती ठरवता येत नाही.

ब्रेक प्लेट डिझेलचा अंशही राहणार नाही अशी पुसावी. नवे लायनर ग्रीसच्या हातांनी धरू नयेत. ड्रमचा आतला भाग ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, कोरडा करून बसवावा. ब्रेकचा रॉड जोडावा, ॲडजस्टर ड्रम घासेपर्यंत आवळून नंतर चाक मोकळे फिरेल इतका सैल करावा. चाक बसवून नट आधी हवेत असताना आणि नंतर जमिनीवर टेकल्यावर समोरासमोरच्या क्रमाने घट्ट करावेत.

दुसरी बाजू झाल्यावर ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून तेलाची पातळी पाहावी आणि खुणेपर्यंतच भरावी. ब्रीदर स्वच्छ करून परत लावावा. पहिली चाचणी मोकळ्या शेतात, हळू वेगाने घ्यावी. आधी डावा, मग उजवा आणि शेवटी दोन्ही पेडल एकत्र दाबून ट्रॅक्टर सरळ थांबतो का, हे पाहावे. सरळ थांबत नसेल तर ॲडजस्टर जुळवून पुन्हा पाहावे, तोवर ट्रॉली जोडू नये. तासभर काम केल्यानंतर दोन्ही चाकांच्या मध्यभागी हात जवळ नेऊन उष्णता तपासावी. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे जास्त तापली असेल तर ब्रेक घासतो आहे किंवा बेअरिंगचा खेळ कमी पडला आहे. पहिल्या दिवसाच्या कामानंतर चाकाचे नट पुन्हा आवळावेत आणि रात्री ट्रम्पेटच्या खाली दोन्ही बाजूंना कोरडे कागद पसरून ठेवावेत. सकाळी कागदावर ग्रीसचा एखादा ठिपका दिसला तर तो जोडणीच्या वेळी वर लागलेल्या ग्रीसचा असू शकतो. पातळ तेलाचा डाग दिसला, तर आतल्या सीलचा ओठ शाफ्ट घालताना दुखावला असण्याची शक्यता असते. ते सील शाफ्ट ओढताच हाताशी येते, कॉलरला हात लावावा लागत नाही, म्हणून नवे लायनर भिजण्याआधीच ती बाजू उघडावी.